धक्क्याखाली बेंझीन: दाबाने बदलते की तापमानाने?

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: बेंझीन इतके स्थिर, तरी सुमारे १३ गिगापास्कलच्या आघात तरंगात ते बदलते असे वाचले. हा बदल दाबामुळे होतो की तापमानामुळे? सगळे मायक्रोसेकंदात आटोपते, तर क्रिया झाली हे कळते कशावरून? आणि शेवटी त्या बेंझीनचे होते काय?

प्रश्न फार चांगले आहेत. माझी बरीच वर्षे गॅस गनवर, म्हणजे दाबलेल्या वायूने चकती वेगाने सोडणाऱ्या तोफेवर, द्रवांचे शॉट घेण्यात गेली, आणि पहिल्या प्रश्नाने मलाही सुरुवातीला पुष्कळ घोळवले होते. बहुतेकांच्या मनात असे चित्र असते की धक्का बसला, रेणू हादरला, बंध तुटले. बेंझीनच्या बाबतीत १३ गिगापास्कलला हे चित्र लागू पडत नाही. तिथे आधी बंध तुटत नाहीत, शेजारच्या रेणूंमध्ये नवे बंध जुळतात. हे का, ते आकडे मांडले की लगेच दिसते, म्हणून आधी थोडे गणित करू.

एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणे. १३ गिगापास्कल इतका दाब पृथ्वीच्या पोटात सुमारे ४०० किलोमीटर खोलीवर असतो. प्रयोगशाळेत तो क्षणभर निर्माण करायचा तर दोन टप्प्यांच्या गॅस गनमधून धातूची चकती द्रवाने भरलेल्या कुपीवर आदळवायची. ॲल्युमिनियमची चकती घेतली तर तिला सेकंदाला सव्वातीन किलोमीटरच्या आसपास वेग द्यावा लागतो, म्हणजे रायफलच्या गोळीच्या साधारण चौपट. आदळताच द्रवात आघात तरंग शिरतो. तरंगाच्या पुढचा द्रव शांत असतो, त्याला काही खबरच नसते. मागचा द्रव दाबलेला, तापलेला आणि चकती ज्या दिशेने आली त्याच दिशेने पुढे सरकत असतो. या सरकण्याच्या वेगाला आम्ही कणवेग म्हणतो आणि तरंग स्वतः ज्या वेगाने धावतो तो तरंगवेग. हे दोन वेग आणि सुरुवातीची घनता एवढे हातात असले की वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवरून बाकी सगळे काढता येते. हेच रँकिन-ह्युगोनिओ संबंध.

बेंझीनची घनता घन सेंटिमीटरला ०.८८ ग्रॅम. कणवेग सेकंदाला २.५ किलोमीटर असेल तर तरंगवेग ५.८ च्या आसपास येतो. दाब म्हणजे या तिघांचा गुणाकार: ०.८८ × ५.८ × २.५ = १२.८ गिगापास्कल. (ग्रॅम, घन सेंटिमीटर आणि किलोमीटर प्रतिसेकंद ही एकके घेतली की उत्तर थेट गिगापास्कलमध्ये पडते, वेगळे रूपांतर करावे लागत नाही.) आकारमान किती घटले? २.५ भागिले ५.८, म्हणजे ४३ टक्के. घट्ट स्फटिक नव्हे, साधा द्रव आहे, तरी निम्म्याला थोडी कमी एवढी जागा त्याने एका झटक्यात सोडली.

आता ऊर्जा. धक्क्याने द्रवाच्या पोटात घातलेली ऊर्जा कणवेगाच्या वर्गाच्या निम्मी असते, म्हणजे ग्रॅममागे ३.१ किलोज्यूल. बेंझीनचा एक मोल ७८ ग्रॅमचा, तेव्हा मोलमागे साधारण २४४ किलोज्यूल. साध्या कार्बन-कार्बन बंधाची ऊर्जा मोलमागे ३५० किलोज्यूलच्या आसपास असते. म्हणजे सगळी ऊर्जा एकाच बंधात ओतली तरी तो साधा बंधसुद्धा तुटायला ती पुरत नाही, आणि बेंझीनच्या वलयातले बंध त्याहून बळकट आहेत. शिवाय ती एका ठिकाणी जमतही नाही. तिचा मोठा वाटा रेणूंना एकमेकांवर रेटण्यात खर्ची पडतो. उरलेली उष्णता रेणूच्या ३० कंपनप्रकारांत आणि त्याच्या हालचालींत वाटली जाते. तापमान हजार केल्विनच्या पुढे जाते, हे खरे. पण नुसत्या हजार-बाराशे केल्विनला बेंझीन मायक्रोसेकंदात मोडत नाही.

मग क्रिया घडते कशी? इथे दाबाचा खरा हात दिसतो. ज्या क्रियेत संक्रमण अवस्थेचे (क्रिया होताना मध्ये येणाऱ्या सर्वाधिक ऊर्जेच्या अवस्थेचे) आकारमान मूळ रेणूंपेक्षा कमी असते, तिचा अडथळा, म्हणजे क्रिया घडायला लागणारी ऊर्जा, दाबाने खाली येतो. किती खाली येतो, हे लक्षात ठेवायला सोपे आहे: एक गिगापास्कल गुणिले एक घन सेंटिमीटर म्हणजे एक किलोज्यूल. डील्स-आल्डरसारख्या, दोन रेणू जोडणाऱ्या क्रियेत सक्रियण आकारमान (संक्रमण अवस्था आणि मूळ रेणू यांच्या आकारमानांतला फरक) साध्या दाबाला मोलमागे उणे ३० ते उणे ४० घन सेंटिमीटर असते. द्रव स्वतःच चेपला गेल्यावर हा फरक पुष्कळ आटतो, म्हणून आपण सावधपणे उणे १० धरू. १३ गिगापास्कलला अडथळा १३० किलोज्यूलने उतरला!

समजण्यापुरते आकडे घेऊन बघा. मूळ अडथळा २०० किलोज्यूल समजा. दाब नाही, तापमान १२०० केल्विन: क्रियेला वीसेक मायक्रोसेकंद लागतील, तोवर आमचा शॉट कधीच संपलेला असतो. दाब १३ गिगापास्कल, तापमान खोलीइतके: अडथळा ७० किलोज्यूल उरतो, क्रियेला पाव सेकंद लागेल. हिऱ्याच्या ऐरणीवर, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना सावकाश दाबणाऱ्या उपकरणावर, बसलेल्या माणसाला हे चालेल, गनवर काम करणाऱ्याला नाही. आता दोन्ही एकत्र द्या. क्रिया नॅनोसेकंदाच्याही आत उरकते. अडथळा दाब उतरवतो, आणि उरलेला अडथळा तापमान ओलांडायला लावते. आघात तरंगात ही दोन्ही कामे एकाच क्षणी होतात. म्हणून 'दाब की तापमान' या प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देता येत नाही. पण दोघांचा वाटा प्रयोगाने वेगळा करता येतो, आणि तो केला गेला आहे.

मला हा प्रयोग फार आवडतो. एकाच धक्क्यात १३ गिगापास्कल गाठण्याऐवजी द्रवाचा पातळ थर दोन कठीण खिडक्यांच्या मध्ये ठेवायचा. तरंग त्यांच्यात मागेपुढे आपटत राहतो आणि दाब पायरीपायरीने चढतो. अंतिम दाब तेवढाच, पण तापमान बरेच कमी, कारण लहान लहान पायऱ्यांनी दाबताना उष्णता कमी निर्माण होते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रूट आणि गुप्ता यांनी अशा पायऱ्यांनी दाबलेल्या बेंझीनचे रामन वर्णपट घेतले, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातून रेणूंची कंपने ओळखली. त्यांचे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २० गिगापास्कलपर्यंत बेंझीन बेंझीनच राहिले. २४-२५ च्या सुमारास मात्र रामन रेषा एका पसरट उजेडाखाली बुडाल्या, म्हणजे रेणू बदलले होते. एका धक्क्यात १३, पायऱ्यांनी २४. या दोन आकड्यांमधले अंतर हे तापमानाचे काम.

तिसरी बाजू स्थिर दाबाची. हिऱ्याच्या ऐरणीत, खोलीच्या तापमानाला, बेंझीन २० गिगापास्कलच्या पुढे तासन्‌तास धरले की हळूहळू अस्फटिक हायड्रोजनयुक्त कार्बन तयार होतो. फ्लॉरेन्सच्या लेन्स (LENS) नावाच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या दाब-तापमानाला सुरू होणाऱ्या या क्रियेत एक गोष्ट समान असते: शेजारच्या दोन रेणूंमधले कार्बन-कार्बन अंतर, कंपनांचा हिशेब धरून, सुमारे २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत आलेले असते. हे वाचले तेव्हा माझ्या डोक्यातला गुंता सुटला. दाब रेणूंना एकमेकांजवळ आणतो, तापमान त्यांना हलवून उरलेले अंतर मिटवते. द्रवात आणि धक्क्यात नेमका तोच आकडा लागू होईल असे मी म्हणणार नाही, पण विचार करायला यापेक्षा चांगले चित्र मला सापडलेले नाही.

इथे एक गल्लत टाळा. तुमच्या वाचनात शॉक ट्यूबवरचे शोधनिबंध आले असतील, भारतातही त्यावर चांगले काम होते. शॉक ट्यूबमध्ये वायू असतो. तो क्षणात हजारो केल्विनपर्यंत तापतो, पण दाब गिगापास्कलच्या जवळपासही नसतो. तिथले रसायन हे तापमानाचे रसायन: बंध तुटतात, मूलके (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले तुकडे) तयार होतात. द्रवातल्या धक्क्याचे रसायन वेगळे, कारण तिथे रेणूला पळायला जागाच नसते. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावू नका.

आता, कळते कशावरून? सर्वांत जुनी पद्धत साधी आहे. वेगवेगळ्या वेगांचे शॉट घ्या आणि कणवेगासमोर तरंगवेग मांडा. रसायन नसेल तर रेषा जवळजवळ सरळ येते. क्रिया सुरू झाली की रेषेला गुडघा पडतो, कारण नवे पदार्थ मूळ द्रवापेक्षा कमी जागेत मावतात. लॉस अलामॉसमध्ये रिचर्ड डिक यांनी १९७० मध्ये बेंझीनचा गुडघा १३.३ गिगापास्कलला दाखवला आणि कार्बन डायसल्फाइडचा ६.२ ला. कार्बन डायसल्फाइडची एक जुनी गोष्ट यात जुळते. ब्रिजमन यांनी १९४१ मध्येच ते स्थिर दाबाखाली, सुमारे १७५ अंश सेल्सिअसला, काळ्या घन बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) बदलून दाखवले होते. म्हणजे ती घडी रेणूच्या अंगातच होती, धक्क्याने ती फक्त मायक्रोसेकंदात उलगडली.

गुडघ्यापेक्षा बोलका पुरावा म्हणजे तरंगाचे दुभंगणे. क्रियेने द्रव एकदम आक्रसला तर एकच तरंग टिकत नाही. त्याचे दोन होतात: पुढचा वेगवान तरंग द्रवाला क्रियेच्या उंबरठ्यापर्यंत नेतो, मागून दुसरा हळू येतो आणि त्याच्यात रसायन घडते. द्रवात वेगवेगळ्या खोलींवर कणवेग मोजणारी चुंबकीय गेज बसवली की हे प्रत्यक्ष दिसते. पहिल्या गेजवर दोन पायऱ्या जवळजवळ, शेवटच्या गेजवर त्या लांब गेलेल्या. जोर खूप वाढवला की मागचा तरंग पुढच्याला गाठतो आणि पुन्हा एकच तरंग उरतो. डॅटेलबॉम आणि शेफील्ड यांनी लॉस अलामॉसमध्ये फिनाइलॲसिटिलीन, ॲक्रिलोनायट्राइल अशा द्रवांवर घेतलेली ही गेजची नोंदपत्रे तुम्ही शोधून जरूर पाहा. पारदर्शकताही बरेच सांगते. सोव्हिएत काळात चेर्नोगोलोव्का येथे याकुशेव्ह, द्रेमिन आणि सहकारी हेच पाहत होते की धक्क्यात कोणता सेंद्रिय द्रव केव्हा अपारदर्शक होतो.

व्यवहारातली एक गोष्ट सांगून ठेवतो. आम्ही एकदा एका द्रवात अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी दाबाला क्रिया दिसल्याची नोंद घेतली. दोन दिवस आनंद टिकला. मग कुपीच्या छायाचित्रात भरणनळीच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा दिसला. धक्क्यात बुडबुडा चिरडला की तिथले तापमान आसपासच्या द्रवापेक्षा कितीतरी वर जाते आणि क्रिया तिथून पेट घेते. तो शॉट बाद करावा लागला. तीन दिवसांची तयारी, एका मायक्रोसेकंदाचा निकाल, आणि तोही हातचा गेला. तेव्हापासून द्रव भरण्याआधी त्यातली हवा काढणे आणि शॉटच्या आधी कुपी उजेडाकडे धरून चारी बाजूंनी पाहणे हे काम मी कोणाकडे सोपवत नाही.

कोणता रेणू आधी बदलणार, हे त्याच्यातल्या बंधांवरून बऱ्यापैकी सांगता येते. त्रिबंध असलेले द्रव लवकर बदलतात, कारण त्यांच्या पाय (π) बंधांचे साध्या बंधांत रूपांतर होताना भरपूर ऊर्जा सुटते आणि जागाही वाचते. द्विबंधाचे त्याच कुळातले. बेंझीन उशिरा येते, कारण त्याच्या वलयाला मोलमागे सुमारे १५० किलोज्यूलचे ॲरोमॅटिक स्थैर्य आहे आणि ते मोडल्याशिवाय नवा बंध जुळत नाही. संतृप्त हायड्रोकार्बन सर्वांत हट्टी. त्यांच्याकडे जोडायला मोकळा बंधच नाही, तिथे खरोखर काहीतरी तुटावेच लागते. हा क्रम तोंडपाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण धरून ठेवा, मग नवा द्रव समोर आला तरी अंदाज बांधता येईल.

आता तिसरा प्रश्न, बेंझीनचे होते काय. उंबरठ्याच्या जरा वर पहिली पायरी जोडणीची असते: दोन रेणू, मग चार, मग आडवेतिडवे जाळे. याचा थेट पुरावा बेंझीनच्या मोठ्या भावंडातून मिळाला. एंगेल्के आणि ब्लेस यांनी १९९४ मध्ये धक्का दिलेले अँथ्रसीन परत मिळवून वस्तुमान वर्णपटात त्याची द्विरेणवी रूपे दाखवली. बहुवारिकांतही हेच. लॉस अलामॉसच्या कार्टर आणि मार्श यांनी अनेक प्लॅस्टिकांचे ह्युगोनिओ, म्हणजे कणवेगासमोर तरंगवेग मांडलेले आलेख, मोजले. त्यांत २० ते ३० गिगापास्कलच्या आसपास बदल दिसतो, आणि ज्यांच्या मुख्य साखळीतच बेंझीनची वलये आहेत त्यांच्यात तो विशेष ठळक असतो.

दाब आणखी चढला की जोडणी पुढे विघटनाला वाट देते. हायड्रोजन कार्बनपासून सुटू लागतो, कार्बनचे अणू एकत्र गोळा होतात. लॉस अलामॉसच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या क्ष-किरण लेसरवर, म्हणजे एलसीएलएसवर, धक्क्याखालच्या बेंझीनमधून कार्बनचे पुंजके तयार होताना पाहिले. ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी वेगांवरून जे अनुमान काढावे लागे ते आता क्ष-किरणांनी नॅनोसेकंदांत टिपता येते, आणि हे माझ्या हयातीत घडले याचा मला मनापासून आनंद आहे.

याच टोकाला हिरे येतात. युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटातल्या मिथेनमधून हिरे होत असतील असे मार्व्हिन रॉस यांनी १९८१ मध्ये सुचवले होते. २०१७ मध्ये क्राउस आणि सहकाऱ्यांनी त्याच क्ष-किरण लेसरवर पॉलिस्टायरीनवर लेसरने एकामागून एक दोन धक्के दिले. दोन्ही तरंग जिथे एकत्र आले तिथे सुमारे १५० गिगापास्कल आणि ५००० केल्विनला नॅनोमीटर आकाराच्या हिऱ्यांची विवर्तन-रेषा दिसली. दोन धक्के का, हे आता तुम्हाला सांगायला नको: एकाच धक्क्यात एवढा दाब गाठला असता तर तापमान इतके चढले असते की हिरा टिकलाच नसता. २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटी प्लॅस्टिकवरही असा प्रयोग झाला, त्यात ऑक्सिजनही असल्यामुळे तो त्या ग्रहांच्या अंतरंगाशी अधिक जुळतो.

उलट दिशेचा एक प्रयोगही ध्यानात असू द्या. केंट विद्यापीठाच्या गॅस गनने अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनॉल मिसळलेल्या बर्फावर सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने पोलादी गोळी मारली. २०१३ च्या त्या निबंधात ॲलानिनसारखी अमिनो आम्ले मिळाल्याचे नोंदवले आहे. धूमकेतूच्या आदळण्यात साध्या रेणूंपासून मोठे रेणू घडू शकतात.

मग सोपा मार्ग म्हणून धक्का देऊन झाल्यावर उरलेले गोळा करून का तपासत नाही, असे तुम्ही विचाराल. तपासतो, पण जपून. दाब सुटला तरी द्रव थंड होत नाही. तो शेकडो अंशांवर राहतो, आणि आता त्याला आवरणारा दाबही नसतो. मघाशी जुळलेले बंध त्या उष्णतेत पुन्हा सुटतात, विस्कटतात, काजळी होते. म्हणून कुपीत मिळालेली काळी भुकटी म्हणजे १३ गिगापास्कलला तयार झालेला पदार्थ, असे लिहू नका. अँथ्रसीनचा पुरावा मोलाचा ठरतो तो द्विरेणवी रूपे या सगळ्यातून तगून बाहेर आली म्हणूनच.

तुम्हाला याच विषयात पुढे काम करायचे असेल तर गॅस गन पाहायला दूर जायची गरज नाही, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. आणि संगणकावर सुरुवात करायची असेल तर रीड, फ्राइड आणि जोआनोपोलस यांची २००३ ची बहुस्तरीय आघात पद्धत वापरा. तीत थोड्याच रेणूंची पेटी ह्युगोनिओ संबंधांच्या लगामात ठेवून दाबली जाते, त्यामुळे तरंग लांबवर धावत असल्याचे गणित न करताही रसायन पाहता येते. पहिला अभ्यास बेंझीनचाच घ्या, पण दोन वाटांनी: एकदा थेट १५ गिगापास्कलला, एकदा चार पायऱ्यांनी. दोन्हींत जुळलेले कार्बन-कार्बन बंध मोजा. नंतर दाब सोडतानाही दोन वेग वापरून पाहा. पेन स्टेट विद्यापीठातील बॅडिंग यांच्या गटाने २०१४ मध्ये बेंझीन २० गिगापास्कलपर्यंत नेऊन दाब अनेक तासांत, अगदी हळूहळू उतरवला, तेव्हा अस्फटिक गोळ्याऐवजी हिऱ्यासारख्या बंधांचे, फक्त काही अणू जाडीचे लांब धागे हाती आले होते.